जुन्या टोयोटा पिकअपला टीडीआय डिझेल इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांचं वेड असणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं एकाच जोडीबद्दल आहेत: १९७९ ते १९९५ मधली टोयोटाची छोटी पिकअप, जिला बाकीचं जग हायलक्स म्हणतं, आणि फोक्सवॅगनचं १.९ लिटर टीडीआय (टर्बो असलेलं, थेट इंजेक्शनचं डिझेल) इंजिन, कोड एएलएच. दुसऱ्या इंजिनांचा उल्लेख ओघात येतो, पण नळ्या, वायरी आणि मोजमापांबद्दलचं सगळं या जोडीचं आहे.

टोयोटाचं पेट्रोल इंजिन तर मरता मरत नाही. मग ते काढायचंच कशाला?

चालू स्थितीतलं २२आर, म्हणजे टोयोटाचं ते पेट्रोल इंजिन, काढू नका, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. २३६६ सीसीचं ते इंजिन खरोखर चिवट आहे. प्रश्न येतो ते इंजिन उतरवायची वेळ आली की. बोअर झिजलाय, हेड गेलंय, ओव्हरहॉलचा खर्च समोर आहे, तेव्हा दुसरा विचार करायला हरकत नाही.

फरक आकड्यांत बघा. १९८५ नंतरच्या २२आर-ई इंजिनाला ११६ अश्वशक्ती मिळते आणि सुमारे १९० न्यूटन-मीटर टॉर्क २८०० आरपीएमला. एएलएचला अश्वशक्ती फक्त ९०, पण २१० न्यूटन-मीटर टॉर्क १९०० आरपीएमलाच हजर. म्हणजे हौद्यात माल भरून चढ चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत बसावं लागत नाही. शिवाय ॲव्हरेज. पेट्रोलवर ही गाडी साधारण २० ते २५ मैल प्रति गॅलन देते, म्हणजे लिटरला साडेआठ ते साडेदहा किलोमीटर. टीडीआयवर नीट चालवली तर ३५ ते ४० मैल, म्हणजे लिटरला पंधरा ते सतरा.

टोयोटाने स्वतः १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत डिझेल पिकअप विकली होती. नंतर पेट्रोल स्वस्त झालं, गिऱ्हाईक आटलं आणि ती बंद झाली. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात मात्र डिझेल हायलक्स कधीच थांबली नाही. अमेरिकेतला हौशी माणूस गॅरेजमध्ये जे करतो ते एवढंच आहे: जी गाडी तिथे विकत मिळायला हवी होती ती स्वतः बनवतो.

एएलएचच का? ते तर १९९८ ते २००३ मधलं इंजिन. याहून नवीन का नको?

या कामात ‘आधुनिक’ म्हणजे किती आधुनिक, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि माझ्या मते एएलएच बरोबर मध्यावर बसतं. थेट इंजेक्शन आहे, कॉम्प्युटर आहे, व्हेरिएबल टर्बो आहे, त्यामुळे जुन्या डिझेलसारखा धूर आणि खडखडाट नाही. पण इंजेक्शन पंप बॉशचा रोटरी व्हीपी३७ आहे, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नंतरची पद्धत) नाही. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, नाही. ब्लॉक बिडाचा, आठ व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट. कॉम्प्युटरला गाडीच्या इतर कॉम्प्युटरांशी फारसं बोलावं लागत नाही, ही आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय.

२००४ पासूनची बीईडब्ल्यू आणि त्यानंतरची बीआरएम ही इंजिनं ‘पंप-ड्यूझ’ पद्धतीची. त्यात प्रत्येक नोझलचा वेगळा पंप कॅमशाफ्टवरून दाबला जातो. टॉर्क २४० न्यूटन-मीटर आहे, पण कॅमशाफ्टवर ताण फार येतो आणि कॅम झिजण्याची तक्रार या इंजिनांत जुनी आहे. ऑइलही ठरलेल्या ग्रेडचंच लागतं.

२००९ नंतरचं दोन लिटर कॉमन रेल इंजिन कागदावर मोहात पाडतं: १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर. पण त्यासोबत डीपीएफ, त्याचे तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर, आणि सगळ्या मॉड्यूलांशी बोलल्याशिवाय सुरू न होणारा कॉम्प्युटर येतो. त्यातला उच्च दाबाचा पंप आतून झिजला तर धातूचा चुरा नोझलपर्यंत जातो आणि अख्खी इंधन यंत्रणा बदलावी लागते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, फोक्सवॅगनवर फसव्या सॉफ्टवेअरचा ठपका ठेवला तो याच दोन लिटर पिढीवर. एएलएचचा त्या प्रकरणाशी संबंध नाही.

कमिन्सचं काय? ते तर खास असल्या कामासाठीच विकतात ना?

हो, आर२.८. कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूड आठवतं, पण हे इंजिन चीनमधल्या फोटॉन-कमिन्सच्या आयएसएफ २.८ कुळातलं आहे. १६१ अश्वशक्ती, नवं कोरं, वायरिंग आणि पेडलसकट खोक्यात मिळतं. जीप किंवा लँड क्रूझरला झकास. छोट्या पिकअपच्या नाकात मात्र ते वजनाला जड होतं, आणि त्याच्या टॉर्कपुढे टोयोटाचा डब्ल्यू मालिकेतला गिअरबॉक्स तोकडा पडतो. म्हणजे गिअरबॉक्स बदला, पुढच्या स्प्रिंगा बदला, प्रोपेलर शाफ्ट नव्याने बनवा. काम वाढतच जातं. खिसा भरलेला असेल आणि गाडी मोठी असेल तर अवश्य घ्या.

नुसतं इंजिन घ्यावं की अख्खी गाडी?

अख्खी गाडी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

नुसतं इंजिन स्वस्तात मिळतं, म्हणून लोक ते उचलतात. मग यादी सुरू होते: कॉम्प्युटर, हार्नेस (वायरींचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल, रिले, एअर फ्लो मीटर, इंटरकूलर, त्याच्या रबरी नळ्या, डिझेल फिल्टर आणि त्याची टी, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, ग्लो प्लगची वायर. यातला प्रत्येक तुकडा वेगळा शोधायला गेलात की तो दुसऱ्याच वर्षाचा निघतो आणि कनेक्टर जुळत नाही. मागून ठोकलेली, इन्शुरन्सने निकालात काढलेली, पण चालू स्थितीतली फोक्सवॅगनची जेटा किंवा गोल्फ बघा. मागची धडक उत्तम, कारण पुढचं सगळं शाबूत असतं.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. गाडी चालू असताना इंजिन ऐकता येतं, चालवून बघता येतं, आणि कॉम्प्युटरमधले एरर कोड काढता येतात. उतरवून पॅलेटवर ठेवलेल्या इंजिनाबद्दल विकणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही हातात नसतं. काम संपेपर्यंत त्या गाडीचा एक बोल्टही भंगारात देऊ नका.

ती गाडी विकत घेताना काय तपासायचं?

टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड जातं. इंजिन बाहेर असताना बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप हे सगळं एकदमच बदलून टाका. नंतर रेडिएटरमागे हात घालून ते करणं जिवावर येतं.

इनटेक मॅनिफोल्ड काढून आत बघा. अमेरिकेत २००६ पर्यंत डिझेलमध्ये ५०० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ५०० भाग) गंधक चालायचं, नंतर ते १५ पीपीएमवर आलं. त्या जुन्या डिझेलवर चाललेल्या गाड्यांत ईजीआरमधून, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून, येणारी काजळी आणि ऑइलची वाफ मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. कधी कधी करंगळीही जात नाही इतकं भोक उरतं. खरवडून, भिजत घालून साफ करता येतं, वेळ मात्र लागतो.

टर्बोची पाती हलवणारा दांडा हाताने सरकवून बघा. तो अडखळत असेल तर आतली पाती काजळीने धरली आहेत. नंतरच्या वर्षांच्या गाड्यांत इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असतो. तो कॉम्प्युटरमधून बंद करून घ्यावा लागतो. हे काम करून देणारे लोक आहेत, पण घेण्याआधी विचारून ठेवा. मूळ गाडीची चावी आणि मीटर कन्सोल सोबत असेल तर त्यांचं काम सोपं होतं.

ऑटोमॅटिक गाडीतलं इंजिन चालतं का, असंही विचारतात. चालतं. उलट त्यातल्या इंजेक्शन पंपाचा प्लंजर ११ मिलिमीटरचा असतो, मॅन्युअलमध्ये १०, म्हणजे तो पंप जास्त डिझेल ढकलू शकतो.

टोयोटाचा गिअरबॉक्स तसाच राहतो का? दोन कंपन्यांची जोडणी कशी होते?

राहतो. मधे एक ॲडॅप्टर प्लेट येते, एका बाजूला फोक्सवॅगनच्या ब्लॉकची भोकं, दुसऱ्या बाजूला टोयोटाच्या बेल हाउसिंगची. अमेरिकेत लहान मशीन शॉप अशा तयार प्लेट विकतात. सोबत एकसंध फ्लायव्हील येतं, ज्यावर टोयोटाची क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बसते, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी पायलट बेअरिंग.

प्लेट घरी कापायचा मोह टाळा. क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा, आणि चूक चालते ती जेमतेम ०.१३ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे पाच हजारांश. विकतची प्लेट असली तरी मोजा. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने डायल गेज बसवा, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा किती सरकतो ते बघा. काट्याच्या एकूण हालचालीच्या निम्मी मध्यातली चूक असते. ती जास्त आली तर डॉवेल पिना बदलून हाउसिंग सरकवावं लागतं. हे न मोजता जोडलं तर गाडी चालेल, पण पायलट बेअरिंग किरकिरायला लागेल, क्लच सोडताना गाडी थरथरेल आणि शेवटी इनपुट शाफ्टचं बेअरिंग जाईल. मग सगळं पुन्हा खाली.

एक गोष्ट बहुतेक कोणी सांगत नाही. एएलएचची टीडीसीची, म्हणजे पहिला पिस्टन सगळ्यात वर असल्याची, खूण मूळ फ्लायव्हीलवर असते आणि ती गिअरबॉक्सच्या छोट्या खिडकीतून बघायची असते. फ्लायव्हील बदललं की खूण गेली, खिडकीही गेली. म्हणून मूळ गिअरबॉक्स सोडवण्याआधी इंजिन टीडीसीवर आणा, कॅमशाफ्टची लॉक पट्टी आणि पंपाची पिन बसते का पाहा, आणि मग पुढच्या पुलीवर आणि कव्हरवर पक्की खूण करा. पुढच्या वेळी टायमिंग बेल्ट बदलताना हीच खूण कामाला येईल. क्रँकचा सेन्सर सुदैवाने ब्लॉकमध्येच आहे, त्याला फ्लायव्हीलशी देणंघेणं नाही.

इंजिन त्या जागेत बसतं का?

लांबीला बसतं, पण दोन ठिकाणी अडतं. पहिलं, ऑइल चेंबर. मूळ इंजिन जेटात आडवं असतं, त्यामुळे चेंबरचा आकार आडव्या गाडीसाठी आहे. पिकअपमध्ये उभं बसवलं की चेंबर क्रॉस मेंबरवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांवर येतो, फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या डिफरन्शिअलवर. चेंबर कापून वेल्डिंग करणारे आहेत, क्रॉस मेंबरला खाच देणारेही आहेत. मी चेंबर कापण्याच्या बाजूचा आहे. चॅसिसला हात लावणं शेवटचा उपाय. कापलेल्या चेंबरमध्ये ऑइल तेवढंच मावतं का आणि सक्शनची जाळी तळापासून योग्य अंतरावर राहते का, हे मोजून बघायलाच हवं.

दुसरं, हेडच्या मागच्या टोकाला असलेला व्हॅक्यूम पंप. तो कॅमशाफ्टवर चालतो आणि उभ्या इंजिनात नेमका फायरवॉलकडे तोंड करतो. माउंटिंग वेल्ड करण्याआधी इंजिन गिअरबॉक्सला जोडून, साखळीवर लटकतं ठेवून, व्हॅक्यूम पंपाच्या मागे बोटं जातात का बघा. डिझेल इंजिन सुरू आणि बंद होताना चांगलंच डोलतं. तेवढी जागा सोडली नाही तर ते फायरवॉलवर ठोकत राहील.

टर्बोची बाजू मात्र नशिबाने बरोबर येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही जेटात मागच्या बाजूला असतात. इंजिन उभं केलं की ती बाजू गाडीच्या उजवीकडे येते. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तापलेला टर्बो आणि स्टिअरिंगचा दांडा समोरासमोर येत नाहीत.

वायरिंगची भीती वाटते. खरंच एवढं अवघड आहे?

अवघड नाही, चिकाटीचं आहे. बहुतेक अर्धवट पडलेल्या गाड्या इथेच अडकलेल्या असतात. इंजिन बसवण्यात मजा असते, दिसतं ते. वायरिंगमध्ये आठवडा घालवला तरी बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही आणि माणूस कंटाळतो.

पद्धत अशी ठेवा. जेटाचा इंजिन हार्नेस कुठेही न कापता पूर्ण काढा. त्या वर्षाचा वायरिंग डायग्राम छापून भिंतीला लावा. कॉम्प्युटरच्या प्रत्येक पिनपासून निघालेली वायर हाताने शोधत टोकापर्यंत जा आणि चिकटपट्टीवर नाव लिहा. मग जे लागत नाही ते काढा, टप्प्याटप्प्याने. आधी एकदम सगळं कापून मग जोडत बसू नका.

कॉम्प्युटरला काय हवं? कायमचा बारा व्होल्ट, चावीचा बारा व्होल्ट आणि भक्कम अर्थ. सप्लाय देणारा १०९ नंबरचा रिले हवाच. हा रिले जुना झाला की आतले टाके सुटतात आणि गाडी मनाला येईल तेव्हा बंद पडते, म्हणून तो नवीनच घाला. ॲक्सिलरेटरला केबल नाही, पेडलचा सेन्सर आहे, म्हणून जेटाचं पेडल टोयोटाच्या फायरवॉलवर ब्रॅकेट करून बसवावं लागतं. त्याचा सिग्नल पोचला नाही तर इंजिन ठरावीक आयडलवरच अडकून बसतं. ब्रेकचे दोन सिग्नल येतात आणि कॉम्प्युटर ते एकमेकांशी ताडून बघतो. टोयोटाच्या एकाच ब्रेक स्विचवर भागवायला गेलात तर एरर येतो. तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलमधून दोन वायरी बाहेर येतात, तो सुई उचलल्याचा सेन्सर. इंजेक्शनचं टायमिंग त्यावर चालतं, म्हणून नोझल बदलताना तेवढी एक वेगळी असते हे विसरू नका.

शेवटी निदानाचा सॉकेट डॅशबोर्डखाली बसवा. लॅपटॉप आणि फोक्सवॅगनच्या गाड्या तपासणाऱ्या व्हीसीडीएस सॉफ्टवेअरशिवाय या इंजिनाचं टायमिंग नीट लावता येत नाही आणि बिघाडही सापडत नाही.

पेट्रोलची टाकी डिझेलला चालते का?

चालते, पूर्ण रिकामी करून धुतल्यावर. जुन्या टाकीत गंज असेल तर नवी घ्या. गंजाचा कण डिझेल पंपाला विषासारखा. २२आर-ईच्या टाकीतला इलेक्ट्रिक पंप काढून तिथे साधी नळी टाका, कारण व्हीपी३७ स्वतःच डिझेल ओढून घेतो. रिटर्न लाइन मोकळी हवी. वाटेत कुठे ढिला क्लॅम्प असेल तर डिझेल गळणार नाही, उलट पंप एअर ओढेल आणि सकाळी गाडी लवकर सुरू होणार नाही. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा टाका, बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

आणि टाकीचं तोंड. बिनशिशाच्या पेट्रोलच्या गाड्यांना तिथे बारीक भोकाची पट्टी असते, जाड डिझेलची नोझल आत जाऊ नये म्हणून. ती काढून टाकायची आणि झाकणावर ठळक ‘डिझेल’ लिहायचं. तुम्ही विसरणार नाही, पण गाडी मागून नेणारा मित्र विसरेल.

थंडीत त्रास होतो का?

ग्लो प्लग आणि बॅटरी धडधाकट असतील तर मिशिगन-मिनेसोटातही सुरू होते. जेटाची बॅटरी ट्रे मोठी असते, टोयोटाची लहान. ट्रे बदलून मोठी बॅटरी घाला. फिल्टरवरची मूळ टी तशीच ठेवा, ती परतणारं कोमट डिझेल फिल्टरमध्ये फिरवते आणि मेण धरू देत नाही.

रेडिएटर, ब्रेक, एसी, टॅकोमीटर?

टोयोटाचा चांगल्या अवस्थेतला रेडिएटर पुरतो. पुढे इंटरकूलर येत असल्यामुळे इलेक्ट्रिक पंखा लावा. एक्सपान्शन टाकी सगळ्यात उंच जागी, नाहीतर हेडमध्ये एअर राहते. ब्रेक बूस्टरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळणार नाही, तो व्हॅक्यूम पंपावरून घ्या. एसीचा आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप जेटाचेच ठेवा, होज मात्र दुकानात बनवून घ्याव्या लागतात. टोयोटाचा टॅकोमीटर इग्निशन कॉइलवर चालायचा, आता कॉइलच नाही. सिग्नल कॉम्प्युटरवरून घेऊन जुळवणारी छोटी सर्किट मिळते. ऑइल आणि तापमानासाठी टोयोटाचेच सेंडर फोक्सवॅगनच्या भोकांत ॲडॅप्टरने बसवले की मूळचे काटे खरं बोलतात.

डिफरन्शिअलचा रेशो बदलावा लागतो का?

हिशेब करून ठरवा. पिकअपमध्ये ४.१० चा रेशो सर्रास असतो. डब्ल्यू५६ गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.८५ आणि साधारण २८ इंची टायर धरले तर ताशी ६५ मैलांना, म्हणजे १०५ किलोमीटरला, इंजिन २७०० आरपीएमच्या आसपास फिरतं. पेट्रोलला ठीक, एएलएचची पूर्ण ताकद ४०००च्या आतच संपते, त्याला २२०० ते २४०० वर ठेवलं तर ते खूश असतं. टू व्हील ड्राइव्हच्या काही गाड्यांत ३.४२ चं डिफरन्शिअल यायचं; ते मिळालं तर हाच आकडा सुमारे २२५० वर येतो. फोर व्हील ड्राइव्हमध्ये दोन्ही डिफरन्शिअल बदलावी लागतात, तिथे ३१ इंची टायर टाकून २४५० वर समाधान मानणं शहाणपणाचं.

चिप ट्यूनिंग करून घेऊ का?

आधी मूळ अवस्थेत चालवा. सगळं सरळ झालं, धूर नाही, तापमान स्थिर आहे, क्लच घसरत नाही, मग विचार करा. ताकद वाढवली की पहिला क्लच बोलतो आणि नंतर गिअरबॉक्स. ही गाडी शर्यतीसाठी नाही.

पैसे वसूल होतात का?

नुसत्या इंधनावर? फार हळू. समजा वर्षाला १२,००० मैल धावता. २२ मैलांच्या ॲव्हरेजने ५४५ गॅलन पेट्रोल, ३८ मैलांच्या ॲव्हरेजने ३१६ गॅलन डिझेल. पेट्रोल साडेतीन डॉलर आणि डिझेल चार डॉलर धरलं तर वर्षाला साधारण ६४५ डॉलर वाचतात. सगळ्या कामाला ६,००० डॉलर लागले तर वसुलीला नऊ वर्षांहून जास्त. आणि यात तुमचे शनिवार-रविवार धरलेलेच नाहीत. ज्यांना ही गाडी आवडते, जी पुढची वीस वर्षं ठेवायची आहे, त्यांनीच हे करावं. चॅसिस गंजलेली असेल तर कोणीच करू नये. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर आधी हातोडीने चॅसिस वाजवून बघा, मग बाकीचं.

हे कायद्यात बसतं का?

याला एका वाक्यात उत्तर नाही, आणि जो देतो त्याचं ऐकू नका. केंद्रीय पातळीवर ईपीएच्या १९९१च्या पत्रकाचा आशय असा की इंजिन बदलल्यावर गाडी तिच्याच किंवा नंतरच्या वर्षाच्या एखाद्या प्रमाणित गाडीशी जुळायला हवी. टोयोटा पिकअपमध्ये फोक्सवॅगनचं डिझेल अशी प्रमाणित गाडी कधी विकली गेलेलीच नाही, हे डोळसपणे समजून घ्या. प्रत्यक्ष तपासणी राज्यं करतात, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे: कुठे जुन्या गाड्यांना चाचणी नाही, कुठे डिझेलला नाही, कुठे दर दोन वर्षांनी. कॅलिफोर्निया सगळ्यात कडक. तिथे इंजिन बदललेली गाडी रेफरीकडे (राज्याच्या खास तपासनिसाकडे) न्यावी लागते, इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं लागतं आणि त्याची प्रदूषण रोखणारी मूळ उपकरणं जागेवर लागतात. रेकॉर्डवर पेट्रोल असलेली गाडी डिझेल इंजिन बसवलं म्हणून आपोआप चाचणीतून सुटत नाही.

म्हणून पहिला बोल्ट सोडण्याआधी राज्याच्या वाहन खात्याकडून लेखी उत्तर घ्या. ईजीआर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवा. ते काढून फेकण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही, मागच्या गाडीतल्या माणसालाही श्वास घ्यायचा असतो. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं.

भारतात, महाराष्ट्रात हे करता येईल का?

इंजिन मिळणं अवघड नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) शेंद्र्यात २००१ पासून जोडलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियात याच कुळातलं ९० अश्वशक्तीचं १.९ टीडीआय होतं आणि त्या गाड्या आता स्वस्तात मिळतात. अडचण दुसरीकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवणं वेगळं, आणि टाटा किंवा महिंद्राच्या जुन्या पिकअपमध्ये फोक्सवॅगनचं इंजिन टाकणं वेगळं. शिवाय आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे टर्बो नेमका त्याच बाजूला येतो. गावाकडे शेतावर पडून असलेल्या गाडीसाठी कोणी विचारत असेल, तर मी म्हणेन की तिचं मूळचं डिझेल इंजिनच नीट बांधून घ्या. त्याचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यायची?

घाई करू नका. पंपाला इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. टर्बोला कोरडं फिरवायचं नाही. मग फिल्टर डिझेलने काठोकाठ भरा, पंपाच्या रिटर्न तोंडावर हातपंपाने ओढून पंप भरून घ्या, पारदर्शक नळीत बुडबुडे थांबू द्या. आता सोलेनॉइडची वायर जोडा.

एक माणूस चावीवर, दुसरा बॉनेटपाशी. दुसऱ्याच्या हातात एअर इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड सपाट फळी हवी, कारण टर्बोच्या सीलमधून ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन चावी काढूनही पळत सुटतं आणि हवा बंद करणं हाच उपाय उरतो. हात किंवा फडका लावायचा नाही, ओढला जातो. नोझलच्या नळ्यांची नटं ढिली करून स्टार्टर मारा, डिझेल ठिबकायला लागलं की आवळा आणि पुन्हा मारा. आधी एक-दोन सिलिंडर पकडतील, गाडी अंगभर हलेल, पांढरा धूर येईल. मग चारही लागतील. ॲक्सिलरेटरला हात न लावता आयडलवर ठेवा, खाली वाकून ऑइल, डिझेल आणि पाणी कुठे गळतंय का बघा, इंजिन गरम झालं की लॅपटॉप जोडून टायमिंग तपासा. थंड झाल्यावर माउंटिंगचे आणि ॲडॅप्टर प्लेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि पहिल्या शंभर मैलांनंतर परत एकदा.